गोल आणि फुली

आमच्या कॅनडातल्या मिसिसागाच्या मराठी मंडळाने आजवर तीसएक नाटकं केली. त्यांच्या फोटोंचे अल्बम माझ्याकडे आहेत. शे-दीडशे फोटो असतील. त्यांतल्या एकाही फोटोत रविकांत देवपुजारी नाहीत. एका फोटोत डाव्या विंगेच्या काळ्या पडद्याखाली तपकिरी बुटाचं टोक दिसतं, तेवढे ते.

रविकांत आमचे प्रॉम्प्टर. विंगेत फोल्डिंगच्या खुर्चीवर बसायचे. मांडीवर वही, हातात छोटा टॉर्च, आणि डोळे नटाच्या अर्धं वाक्य पुढे. परदेशात हौशी नाटक ज्यांनी केलं नाही त्यांना या माणसाची किंमत कळायची नाही. आमच्या तालमी शनिवार-रविवारी, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये. एका शनिवारी बर्फाचं वादळ, दुसऱ्या शनिवारी कुणाच्या मुलाची हॉकी, तिसऱ्या शनिवारी नायकाच्या ऑफिसात काहीतरी कोसळलेलं. प्रयोगाचा दिवस उजाडायचा तेव्हा दोन अंक पाठ असायचे आणि तिसरा देवाच्या भरवशावर. म्हणजे देवपुजारींच्या.

मी स्वतः पुण्याची. आठ वर्षं व्यावसायिक रंगभूमीवर काढून पंच्याऐंशी साली लग्न करून इथे आले. इथल्या लोकांनी मला डोक्यावर घेतलं, आणि मी बसलेही. 'शोभाताई आहेत ना, मग हॉल भरेल' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते मला माझंच वाटायला लागलं. रविकांत माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. नागपूरचे. विमानतळाजवळच्या एका मोठ्या गोदामात शिफ्ट सुपरवायझर होते. पहाटे कामाला जायचे आणि संध्याकाळी तालमीला आमच्या सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

त्यांची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुठलंही नाटक ठरलं की ते अख्खी संहिता स्वतःच्या अक्षरात एका लांब वहीत उतरवून काढायचे. मग तालमी बघत बघत लाल पेन्सिलीने खुणा करायचे. दोनच खुणा. गोल म्हणजे इथे नट मुद्दाम थांबतो, जागा त्याची आहे, आपण तोंड उघडायचं नाही. गोलाच्या पोटात आकडा असायचा, किती मोजेपर्यंत थांबतो त्याचा. आणि फुली म्हणजे इथे नट अडकतो, श्वास घेऊन तयार राहायचं.

"सारी विद्या एवढीच आहे, शोभाताई," ते म्हणायचे. "थांबला की अडकला, हे ओळखता आलं पाहिजे. शब्द तर कोणीही वाचून दाखवील."

"आणि चुकलं तर?"

"अडकलेल्याला शब्द नाही दिला तर तो मरतो. थांबलेल्याला दिला तर आपण त्याला मारतो."

त्यांची कुजबुज नटापर्यंत पोहोचायची, पहिल्या रांगेपर्यंत कधी नाही. आणि गंमत अशी, की एरवी 'काय करून राहिल्या तुम्ही' असं बोलणाऱ्या या माणसाचा नागपुरी हेल त्या कुजबुजीत पार नाहीसा व्हायचा. पण भूमिका वाटायची वेळ आली की आमचे पुण्या-मुंबईचे दिग्दर्शक हसून म्हणायचे, "रविकांत, तुमच्या तोंडी राजा दिला तर तो संत्री विकायला आलाय असं वाटेल हो." सगळे हसायचे. रविकांतही हसायचे.

चौऱ्याण्णव साली टोरोंटोत इथल्या सगळ्या मराठी मंडळांचं अधिवेशन भरलं होतं. आमचं नाटक होतं आणि समोर अकराशे माणसं. मी निवृत्त होणाऱ्या मेट्रनचं काम करत होते. तिसऱ्या अंकात निरोपाच्या भाषणात ती एका रोग्याचं नाव घेते. तिने चुकीचं औषध दिलं म्हणून तो गेला होता, आणि ही गोष्ट तिने वीस वर्षं कुणाला सांगितलेली नसते. सगळं नाटक त्या एका नावासाठी उभं केलेलं. मी त्या वाक्यापर्यंत आले आणि नाव गेलं. डोक्यात नुसता पांढरा प्रकाश. मी उभी. अकराशे माणसं श्वास धरून.

विंगेतून शब्द आला नाही. एक, दोन, तीन, चार. मला वाटलं, आज हा माणूस झोपला. मग आला. "जयदीप कामत." मी नाव घेतलं, आणि सभागृहात कुणीतरी हुंदका दिला.

पडदा पडल्यावर मी त्यांच्यावर धावून गेले. "कुठे होतात?"

"इथेच होतो. पण लोकांना तुम्ही थांबल्या असं वाटून राहिलं होतं. म्हटलं, अजून चार मोजू."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तो पॉझ. अधिवेशनाच्या स्मरणिकेसाठी मुलाखत घ्यायला आलेल्याने विचारलं, "ती शांतता तुम्ही कशी बांधलीत?" मी म्हणाले, "काही क्षण आपोआप येतात." तसं छापून आलं. पुढच्या पाच प्रयोगांत मी तिथे चार मोजून थांबत राहिले. रविकांतांनी वहीतली फुली खोडून तिथे गोल केला. मला ते दिसलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी एकदाच, आयुष्यात एकदाच, काम मागितलं. पोस्टमास्तरचं. चार वाक्यं. दिग्दर्शक तयार झाला होता. मी म्हणाले, "आणि मग विंगेत कोण? रविकांत विंगेत नसतील तर मी उभी राहणार नाही हं." मी ते कौतुक म्हणून म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमास्तर दुसऱ्याला गेला. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणणं सोयीचं आहे. विसरले नव्हते. त्याची मला कधी गरज पडली नव्हती, इतकंच.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझ्या नातीने, ऊर्मीने, फोनवर एक जाहिरात दाखवली. "आजी, दे नीड साउथ एशियन सीनिअर्स. फॉर अ मूव्ही. यू वुड बी परफेक्ट." हॉलिवूडची एक संगीत-विनोदी फिल्म टोरोंटोत चालली होती. फार मोठी नव्हे, नावाजलेले नट नसलेली. न्यू यॉर्कला येऊन गायक-नर्तक व्हायला निघालेल्या चार पोरांची गोष्ट. दिवसा ती एका लाँड्रोमॅटमध्ये कपडे धुण्याचं काम करतात आणि तिथेच मशीनच्या ठेक्यावर गातात-नाचतात. मागे बसायला, कपडे घड्या करायला म्हाताऱ्या माणसांची गर्दी हवी होती. थंडीत मी गाडी चालवत नाही. मी रविकांतांना फोन केला, "येता का? मजा येईल." ते नुकतेच सत्तर पार झाले होते. तालमी बंद पडून पाच वर्षं झाली होती. ते म्हणाले, "विंग आहे काय तिथे?"

पहाटे साडेपाचला एका चर्चच्या तळघरात आम्हाला बसवलं. तिथून आठ-दहा जणांना उचलून लाँड्रोमॅटमध्ये नेत. बाहेर रस्त्यावर माणसं काळ्या पिशव्या आणून कचरा मांडत होती, टोरोंटोचं न्यू यॉर्क दिसावं म्हणून. नाचणाऱ्या पोरांच्या बुटांना खालून जाड लोकरी नमद्याचे तुकडे चिकटवलेले, पावलं वाजू नयेत म्हणून. संगीत बंद करून नाचत होती, संवाद स्वच्छ यावेत म्हणून. आम्हाला गप्पा मारायच्या होत्या, पण आवाज न करता. नुसते ओठ हलवायचे.

रविकांत माझ्याकडे बघून ओठ हलवत होते. मधल्या वेळात मी विचारलं, "काय म्हणत होतात?"

"चौऱ्याण्णवचा तिसरा अंक. तुमची वाक्यं." ते हसले. "तीस वर्षं आवाज होता, मी दिसत नव्हतो. आता दिसून राहिलो, तर आवाज नाही."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने त्यांना टॉवेलच्या घड्या करताना पाहिलं. कडेला कड, बोटाने दाबून, एकावर एक. गोदामातली सवय. दिग्दर्शक मॉनिटरपाशी कुणाशी तरी बोलला, आणि हेडसेट लावलेली एक मुलगी येऊन म्हणाली, "सर, वी वुड लाइक टू गिव्ह यू अ लाइन."

चित्रपटाची नायिका केल्सी नावाची मुलगी होती, बावीस-तेवीसची. ऑडिशनच्या आदल्या दिवशी ती रिकाम्या लाँड्रोमॅटमध्ये एकटी गाते, वाद्यांशिवाय. तिथे टॉवेल घडी करणारा एक म्हातारा सगळं ऐकतो आणि शेवटी म्हणतो, "माय वाइफ वुड हॅव लाइक्ड दॅट." माझ्या बायकोला हे आवडलं असतं. एवढंच. पण ते ऐकून ती ऑडिशनला जायचं ठरवते. म्हणजे अख्खी फिल्म त्या वाक्यावर वळते.

रविकांतांनी बायकोला, सीमावहिनींना, फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते.

"वुड हॅव म्हणजे? मी मेलेली का काय?"

"अवं, सिनेमात."

"सिनेमात मारायला तुम्हाला स्वतःचीच बायको मिळाली?"

"दुसरी आहे काय माझ्याकडे!"

त्या हसत हसत रडायला लागल्या. मग त्यांनी मंडळाचा अध्यक्ष गंधार याला सांगितलं, गंधारने ग्रुपवर टाकलं, आणि दुपारपर्यंत बर्नाबीहून त्यांच्या मुलीचा, अनुयाचा फोन आला. "बाबा, ओ माय गॉड!"

त्यांनी एक नवी वही घेतली. एका वाक्यासाठी पूर्ण वही. पहिल्या पानावर ते वाक्य देवनागरीत लिहिलं, आणि त्याच्या आधी लाल गोल काढला. पोटात आकडा, चार. गाडी चालवताना दोन दिवस ते हेच घोकत होते.

"ती गाणं संपवील. मी टॉवेल ठेवीन. तिच्याकडे पाहीन. चार मोजीन. मग बोलीन."

"चार जास्त होतील. तीन करा."

"नाही, शोभाताई. चार." इतक्या ठामपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "हा गोल माझा आहे."

चौथ्या दिवशी सीन लागला. मी मागच्या बाकावर मोजे जुळवत होते. केल्सीने सहा-सात वेळा तालीम केली. दर वेळी शेवटच्या ओळीआधी ती दोन मोजून थांबायची आणि गायची. मग खरा टेक. ती सुरेख गात होती, खोटं कशाला बोलू. शेवटच्या ओळीपाशी आली. थांबली. दोन झाले. तीन. चार. पाच. तिचे डोळे भरले. सहा. कॅमेरा हळूहळू तिच्या तोंडाजवळ सरकत होता. आणि मला तिचा गळा दिसला. शब्द गिळताना हलतो तसा, वर-खाली. हातातले मोजे मी घट्ट धरले.

रविकांतांनी शब्द दिला. तीच कुजबुज. ओळीचा पहिला शब्द, फक्त एकच. तिचे डोळे क्षणभर उजवीकडे गेले, शब्द घेऊन परत आले, आणि ती गायली. अशी गायली की ड्रायरला टेकून उभी असलेली मेकअपची बाई डोळे पुसायला लागली.

"कट!" सगळे टाळ्या वाजवणार, एवढ्यात आवाज टिपणाऱ्या माणसाने हात वर केला. कुणाचा तरी आवाज आलाय.

केल्सी वळली. "आय वॉज देअर. आय वॉज टोटली इन इट, अँड ही टॉक्ड!"

दिग्दर्शक सभ्य होता. तो रविकांतांपाशी आला आणि म्हणाला, की आम्ही गाण्याच्या मध्ये बोलत नाही, सर. इथे रविकांत नुसते 'सॉरी' म्हणाले असते तरी भागलं असतं. पण तीस वर्षांची विद्या होती. ते म्हणाले, "शी फरगॉट, सर."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"शी वॉज ॲक्टिंग, सर," दिग्दर्शक हसून म्हणाला.

केल्सीने रविकांतांकडे पाहिलं. अर्धा क्षण. ती नजर मला अनोळखी नव्हती. चौऱ्याण्णव साली मुलाखतवाल्यासमोर बसले होते तेव्हा माझ्या चेहऱ्यावर तीच असणार. मी उठून म्हणू शकत होते, की मी चाळीस वर्षं स्टेजवर काढली आहेत, ही मुलगी अडकली होती. मागच्या बाकावर मोजे जुळवणाऱ्या म्हातारीला कोण विचारतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि बसून राहिले.

हेडसेटवाली मुलगी आली. रविकांतांना तिने अगदी गोड बोलून शेवटच्या ड्रायरच्या पलीकडे नेऊन बसवलं. त्यांच्या हातातला टॉवेल एका पांढऱ्या दाढीच्या गोऱ्या गृहस्थाला दिला. वाक्यही त्यालाच दिलं. त्याने एकदा वाचलं आणि म्हणाला, "इझी."

परतताना हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "शोभाताई, खरं सांगा. गोल होता काय?"

"नाही. फुली होती. मी गळा पाहिला तिचा."

"मग झालं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सीमाला सांगू नका. दोन्ही टेक फिल्मवाल्यांकडे आहेत. कधी कधी पहिलाही वापरतात."

पहिल्या टेकमध्ये त्यांचं वाक्य नव्हतंच. तिथपर्यंत काम गेलंच नव्हतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

वर्षभराने फिल्म आली. थिएटरात नाही, घरी बघायच्या एका चॅनेलवर. गंधारने कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला, भिंतीवर पडदा लावला. रविकांत त्याला दोनदा म्हणाले, "अरे, बहुतेक कापलं असेल." गंधारने त्याचा अर्थ विनय असा घेतला. "काका, तुम्ही ना, फार मॉडेस्ट आहात." शाल आणली, नारळ आणला. सत्तर माणसं. सीमावहिनी नवी पैठणी नेसून पहिल्या रांगेत. अनुया बर्नाबीहून मुद्दाम आलेली. रविकांतांनी कोट घातला होता, आणि कोटाच्या खिशातून ती वही डोकावत होती. या माणसाला अजून आशा होती.

लाँड्रोमॅटचा सीन आला. केल्सी गायली, थांबली. मी मोजलं. दोन, तीन, चार, पाच, सहा. तो पहिलाच टेक होता. तिचे डोळे क्षणभर उजवीकडे गेले आणि परत आले. तेवढ्या जागेत आवाज नव्हता. पुसून स्वच्छ केलेला. ती गायली, हॉलमध्ये कुणीतरी "वा!" म्हणालं. त्याच आठवड्यात ऊर्मीने मला तिची मुलाखत दाखवली होती. त्या पॉझबद्दल विचारल्यावर ती म्हणते, "आय डोन्ट नो व्हेअर इट केम फ्रॉम. इट जस्ट केम." ऐकून मी फोन पालथा ठेवला होता.

मग पांढरी दाढी पडद्यावर आली. टॉवेल ठेवला, जरासुद्धा न थांबता म्हणाली, "माय वाइफ वुड हॅव लाइक्ड दॅट." आणि गोष्ट पुढे गेली.

"अहो, तुम्ही कुठे आहात?" सीमावहिनींचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"देवपुजारी, ड्रायरच्या आत होतात काय हो?" मागून नंदन ओरडला. तो प्रत्येक कार्यक्रमात ओरडतो. लोक हसले. वाईट मनाने नाही. रविकांतही हसले, संत्र्यांवर हसायचे तसेच.

फिल्म संपल्यावर गंधारला काय करावं ते कळेना. पण शाल आणलेली होती. त्याने रविकांतांना वर बोलावलं, शाल घातली, आणि अडचणीतून मार्ग काढावा तसा म्हणाला, "काका, त्यांनी कट केला तर केला! तुमचा डायलॉग तुम्ही आम्हाला लाइव्ह म्हणून दाखवा. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. रविकांत माइकपाशी आले. मंडळाच्या तीस वर्षांत ते पहिल्यांदाच उजेडात उभे होते. त्यांनी शाल सारखी केली. खिशातली वही काढली नाही. सीमावहिनींकडे पाहिलं. तोंड किंचित उघडलं, आणि शब्द आला नाही.

एक. दोन. अडकले! सगळ्यांची वाक्यं डोक्यात असणारा माणूस स्वतःच्या एका वाक्यावर अडकला. आता कुणीतरी हसेल, नंदन काहीतरी ओरडेल. नाही, यापुढे नाही. यावेळी मी गप्प बसणार नाही. मी उभी राहिले.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज अजून माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. "या माणसाबद्दल मला काही सांगायचं आहे."

आणि मी सांगितलं. सगळं. केल्सी कशी अडकली, शब्द कुणी दिला. मग अधिवेशनातलं सांगितलं. "तुम्ही आजही ज्या पॉझची आठवण काढता, तो माझा नव्हता. मी विसरले होते. रोग्याचं नाव विसरले होते. त्या रोग्याचं नाव..."

आणि काय सांगू, ते नाव पुन्हा गेलं. तोच पांढरा प्रकाश. मी उभी, सत्तर माणसं श्वास धरून.

माइकपासून एक पाऊल मागे सरकून, ओठ हलतील न हलतील इतक्या हलक्या आवाजात रविकांत म्हणाले, "जयदीप कामत."

"...जयदीप कामत," मी म्हणाले. "आणि ते मला या माणसाने दिलं. त्यानंतर मी यांना पोस्टमास्तरचं कामसुद्धा करू दिलं नाही." माझ्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं.

हॉल उठला. सगळे उभे. टाळ्या थांबेनात. गंधार खाली उतरून माझ्या पाया पडला. "शोभाताई, काय मोठं मन आहे तुमचं! इतक्या मोठ्या आर्टिस्टने असं म्हणायचं!" बायका येऊन गळ्यात पडल्या. कुणीतरी म्हणालं, "नाव घेण्याआधी तुम्ही जे थांबलात ना, अंगावर काटा आला. अजून तीच ताकद." कुणी हा सगळा प्रकार फोनवर टिपला होता, तो त्याच दुपारी ग्रुपवर फिरला. त्यात मी आहे. माझ्यामागे, जरा अस्पष्ट, एक शाल दिसते.

मी रविकांतांना शोधलं तेव्हा ते कोट टांगायच्या दांडीपाशी बूट बदलत होते. घरातले बूट पिशवीत, बर्फातले पायात. शाल नीट घडी करून पिशवीवर ठेवलेली, कडेला कड. सीमावहिनी आणि अनुया गाडी गरम करायला पुढे गेल्या होत्या.

"रविकांत," मी म्हणाले, "एकदा सांगायचंच होतं मला. किती वर्षं मनात होतं."

"चांगलं बोलल्या," ते म्हणाले. लेस बांधून झाली. "आवाज अजून छान आहे."

"तुम्ही अडकलात तेव्हा मला राहवलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला बरं झालं असतं.

"मी अडकलो नव्हतो, शोभाताई," ते म्हणाले. "थांबलो होतो. दोन झाले होते."

त्यांनी खिशातून वही काढली आणि माझ्या हातात दिली. मग टोपी कानांवर ओढली आणि दार ढकलून बाहेर गेले. मी पहिलं पान उघडलं. एक वाक्य, त्याच्या आधी लाल गोल, पोटात चार. बाकीची पानं कोरी होती.

वही माझ्याकडेच आहे. मी दोनदा फोन केला. सीमावहिनी म्हणाल्या, ते दारातला बर्फ शोव्हल करायला बाहेर गेलेत.